दापोलीला आई-बाबांसाठी इन्व्हर्टर घ्यायचाय, पावसाळ्यात लाइट टिकत नाही, नक्की काय घेऊ?

पडवीतून

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे जरा लांब होईल, समजून घ्या. मी पुण्यात नोकरीला आणि आई-बाबा दोघंच गावी, दापोली तालुक्यात, समुद्र घरापासून दीडेक किलोमीटर. बाबा ७४ चे, दमा आहे, पावसाळ्यात त्रास वाढला की नेब्युलायझर लावावा लागतो. आई ६९, तिला इन्सुलिन आहे, ते फ्रिजमधे असतं. गावात लाइटचं तुम्हाला माहितीचे, मेच्या शेवटी वळीव सुरू झाला की गेलीच, कुठेतरी फांदी तारेवर पडते, कधी चार तास कधी रात्रभर, आणि गेल्या जूनमधे तर सलग ३८ तास नव्हती, म्हणजे मधे दीड-दोन तास आली होती ती धरून. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत जवळजवळ तीन आठवडे अंधार होता ते तर वेगळंच, ते दिवस आठवले तरी मला अजून झोप लागत नाही.

घरात एक जुना इन्व्हर्टर आहे, बाबांनी घेतलेला, बॅटरीला चारच वर्षं झालीत पण आता एक पंखा नि दोन दिवे लावले तर अर्ध्या तासात टीटी करत बंद पडतो. दुकानदार म्हणतोय आता मोठाच घ्या, २ केव्हीए आणि दोन बॅटऱ्या, फ्रिज पंप सगळं चालेल. भाऊ म्हणतो जनरेटर घे. मामेभाऊ म्हणतो लिथियम. शेजारचे काका म्हणतात सोलर लावा, सरकार पैसे देतंय, लाइट गेली तरी चिंता नाही. माझं बजेट ४०-४५ हजार आहे, थोडं वरखाली चालेल. घरात पंखे ३, ट्यूब आणि बल्ब मिळून ६-७, टीव्ही, वायफाय, १९० लिटरचा फ्रिज, मिक्सर, आणि विहिरीवर १ एचपीचा पंप. रात्री बाबांच्या खोलीत पंखा बंद पडला की ते उठून बसतात नि सकाळपर्यंत बसूनच असतात, आई मला फोनवर सांगत पण नाही, शेजारून कळतं. कृपया अनुभव असेल तो सांगा.

ताराजोडणी

ताई, मी वायरिंगची कामं करतो, २० वर्षं झाली, संगमेश्वर-देवरुख पट्ट्यात. दुकानदाराचं ऐकून दोन बॅटऱ्या घेऊ नका, निदान लगेच नको. का ते सांगतो.

सगळे विचारतात बॅकअप किती तासाचा, बॅटरी भरणार कधी हे कोणीच विचारत नाही. शहरात लाइट जाते तासभर, मग २३ तास असते, तिथे कुठलीही बॅटरी भरते. आपल्याकडे उलटं, सहा-आठ तास नाही, मग दोन तास आली, परत गेली. साधी १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीचं माप) ट्यूब्युलर, म्हणजे नेहमीची पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, पूर्ण उतरली तर भरायला १०-१२ तास लागतात कारण घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर १२-१५ अँपिअरचाच असतो. दोन तासात तिच्यात ३० एएच जाणार, त्यातलं परत हाताला लागणार २५, म्हणजे ३०० वॅट-तास. आता तुम्ही दोन बॅटऱ्या लावल्या आणि चार्जर तसाच ठेवला तर भरायला दुप्पट वेळ, दोन्ही कायम अर्धवट, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, ते घट्ट झालं की परत निघत नाही. तुमची चार वर्षांची बॅटरी अशीच गेली असणार असं मला वाटतंय, पण आधी खात्री करू.

लोडचं बोलायचं तर रात्री काय लागतं तेवढंच धरा. जुना पंखा ७५ वॅट, तीन पंख्यांचे २२५. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० वॅट, तीनचे ९०. चार एलईडी बल्ब ९ वॅटचे म्हणजे ३६, वायफाय १०. जुन्या पंख्यांनी २७०, नव्यांनी १४० च्या आत. १५० एएच १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, आणि बॅटरी तळापर्यंत उपसायची नाही, मी ६०% धरतो, म्हणजे हजार-अकराशे. जुन्या पंख्यांवर ४ तास, बीएलडीसीवर साडेसात. दुसऱ्या बॅटरीचे पैसे पंख्यांवर घाला, शिवाय बिल पण कमी येतं.

पंप इन्व्हर्टरवर नकोच. १ एचपी चालताना हजार-अकराशे वॅट घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. लाइट आली की पहिलं टाकी भरायची, टाकी हजार लिटरची असेल तर दोघांना चार-पाच दिवस पुरते.

मला तीन गोष्टी सांगा. एक, घरात व्होल्टेज किती येतं, संध्याकाळी सात-आठला आणि पंप चालू असताना असं दोन वेळा बघा. दोन, लाइट असताना सुद्धा इन्व्हर्टर बॅटरीवर चालतो का, म्हणजे टीव्ही चालू आहे नि इन्व्हर्टरचा बॅटरीचा दिवा लागलाय असं होतं का. तीन, बॅटरीत पाणी कोण घालतं.

नारळीपोफळी

गुहागरहून. मी दोन पावसाळे लिथियम वापरतोय, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, मोबाइलमधली ती वेगळी. १२.८ व्होल्ट १०० एएच, इन्व्हर्टरसकट एकच डबा भिंतीवर टांगलेला. आकडा बघितला तर १२८० वॅट-तास, ट्यूब्युलरच्या १८०० पेक्षा कमी वाटतो पण ह्याच्यातलं ८०-९०% बिनधास्त वापरता येतं म्हणून रात्र सारखीच निघते, आणि मुख्य म्हणजे भरते चार-साडेचार तासात. वरती दादांनी दोन तासाचा हिशोब दिलाय तोच माझ्या डब्याला लावा, दोन तासात ५० एएच जवळजवळ आत जातात म्हणजे सहाशेच्या वर वॅट-तास, लॉस जाऊन पाचशे धरा, १४० वॅटच्या लोडवर साडेतीन तास सुटले. ट्यूब्युलरला तेवढ्याच वेळात दोन तास सुटतात. आपल्या भागात हाच फरक आहे बाकी काही नाही. पाणी घालणं नाही, वास नाही, ट्रॉली नाही. पैसे जास्त आहेत ते मान्य.

एकच सांगतो, जुन्या इन्व्हर्टरला नुसती लिथियम बॅटरी आणून जोडू नका, दुकानदार म्हणतो चालतं, पण चार्जरला लिथियमचं सेटिंग असल्याशिवाय नीट भरत नाही, आतलं सर्किट मधेच बंद करतं. आणि सर्व्हिस सेंटर दापोली-खेडमधे आहे का ते स्वतः फोन करून विचारा, मुंबईला पाठवावी लागली तर ऐन पावसात महिना जातो.

पडवीतून

@ताराजोडणी दादा खूप खूप आभार. शनिवारी गावी गेले होते, आतेभावाकडून मल्टीमीटर आणला. संध्याकाळी साडेसातला १७२. बाबांनी पंप लावला तर १५१ झालं, बल्ब पण डोळ्याला मंद दिसतो. आणि हो!! लाइट असताना सुद्धा इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आई म्हणाली ते तर दोन वर्षं असंच आहे, आम्हाला वाटलं तो तसाच असतो. पाणी बाबा घालायचे, आता वाकता येत नाही म्हणून बरेच महिने घातलंच नाही, मी झाकणं काढून बघितली तर दोन कप्प्यात प्लेटा उघड्या दिसत होत्या.

ताराजोडणी

मग झालंच. ताई तुमच्या बॅटरीला दोष नव्हता हो, तिला जेवायलाच मिळत नव्हतं. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, कुठे यूपीएस-नॉर्मल लिहिलेलं असतं, कुठे नॅरो-वाइड. यूपीएसवर असेल तर साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की तो लाइट गेलीच समजतो नि बॅटरीवर येतो. तुमच्याकडे रोज संध्याकाळी लाइट असून बॅटरी उपसली जात होती, आणि भरणं फक्त मध्यरात्रीनंतर. नॉर्मलवर टाकलं तर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत तो लाइट घेतो आणि हळू का होईना चार्ज करतो. पण लक्षात ठेवा, नॉर्मलवर जे व्होल्टेज येतं तेच तो पुढे घरात सोडतो, म्हणून फ्रिज त्या लाइनवर असेल तर फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर पाहिजे, कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जळतो.

हे मात्र तात्पुरतं. पंप लावला की २० व्होल्ट पडतं हे काही बरं लक्षण नाही. शेजाऱ्यांकडे त्याच वेळी किती येतं ते बघा. त्यांच्याकडे पण १७० असेल तर ट्रान्सफॉर्मर लांब आहे किंवा लोड जास्त आहे, त्याला तक्रार अर्ज देणं एवढाच उपाय. पण त्यांच्याकडे चांगलं असेल आणि तुमच्याकडेच कमी, तर पोलावरून तुमच्या घरात येते त्या सर्व्हिस वायरचा जोड खराब आहे. समुद्राजवळ खारं वारं लागून अ‍ॅल्युमिनियमच्या जोडावर पांढरी पावडर धरते, तिथे व्होल्टेज मरतं आणि जोड तापतो. न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, जोड असा सुटला तर धोका मोठा आहे, काही घरात एकदम व्होल्टेज वाढून टीव्ही-फ्रिज जळालेले मी बघितलेत. पोलावर चढायला कोणा हौशी माणसाला सांगू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

आणि उघड्या प्लेटांवर आता पाणी घालून काही फायदा नाही, ती गेली. भंगारात देऊ नका, नवीन घेताना दुकानात द्या, शिश्याचे पैसे वजा होतात.

वाशिष्ठीकाठ

तू माझ्या मुलीच्या वयाची वाटतेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर छातीच्या वर पाणी होतं. इन्व्हर्टर जिन्याखाली ट्रॉलीवर, बॅटरीसकट बुडाला. पाणी ओसरल्यावर सगळ्यात आधी लागतो तो उजेड आणि फोन, आणि नेमकं तेच नव्हतं. आता आम्ही वरच्या मजल्यावर लोखंडी स्टँड करून घेतलाय. तुमच्याकडे नदी नसेल पण पडवीत झड येते ना, तिथे ठेवू नका. आणि देवघराच्या खाली तर अजिबात नको, पुष्कळ घरात तिथेच कोनाडा असतो म्हणून ठेवतात, बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि वर समई चालू, मी आमच्या नणंदेला सांगून सांगून तिथनं हलवायला लावली. हवा खेळती पाहिजे, खिडकीजवळची खोली.

आता इन्सुलिनचं. माझ्या मिस्टरांना १५ वर्षं आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ डिग्रीत पाहिजे, पण जी चालू आहे ती साधारण ४ आठवडे बाहेर राहू शकते, ३० डिग्रीच्या आत असेल तर, तुझ्या आईच्या पेनच्या कागदावर नेमके दिवस लिहिलेले असतात ते वाच. आम्ही काय करतो, मातीचं मडकं, त्याच्यात दुसरं छोटं मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात. मे महिन्यात पण गार राहतं. पावसात हवा दमट असते तेव्हा मडकं एवढं गार होत नाही पण तेव्हा बाहेरच गारवा असतो. बर्फाला लावून मात्र ठेवायचं नाही, गोठलं की वाया. फ्रिजचं म्हणशील तर दार उघडलं नाही तर चार तास काही होत नाही, आम्ही फ्रीझरमधे पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतो मेपासून, त्यानं अजून वेळ निघतो. म्हणजे फ्रिजसाठी म्हणून मोठा इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही असं माझं मत, फार तर चार-पाच तासांनी एकदा तासभर चालवला की झालं.

आणि विहिरीचा रहाट मोडून टाकला नसलात तर दोर बदलून घ्या. निसर्गच्या वेळी माझ्या माहेरी, हर्णैकडे, अख्ख्या आळीनं एका रहाटावर पाणी काढलंय.

कुडाळी_माणूस

शेजारच्या काकांचं सोलरचं जे आहे ते जरा स्पष्ट करतो कारण ह्याच्यात लोक फसतात, म्हणजे कोणी मुद्दाम फसवतं असं नाही, समजुतीचा घोटाळा आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मधे आली, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि त्याच्या वर ७८ हजार सबसिडी, हे खरं आहे. पण बहुतेक लोक लावतात ती ऑन-ग्रिड, म्हणजे नुसती बाहेरच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली. ती बिल कमी करते. लाइट गेली की ती पण बंद, भर दुपारी ऊन असलं तरी बंद!! ते मुद्दामच तसं असतं, नाहीतर तुमच्या छपरावरची वीज लाइनमधे जाऊन तिकडे तार जोडणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. लाइट नसताना चालायला हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तो खर्च वेगळा, तुमच्या बजेटच्या कितीतरी वर.

आमच्याकडे हायब्रीड आहे ३ किलोवॅट, मी समाधानी आहे, उन्हाळ्यात राजेशाही. पण खरं सांगतो, आषाढात चार-चार दिवस झड लागली की पॅनेल अगदीच थोडं देतात आणि लाइट जास्त जाते ती तेव्हाच. सोलर बिलासाठी उत्तम, पावसाळ्यातल्या अंधारासाठी एकट्या सोलरवर राहू नका. शिवाय तुमचं घर कौलारू असेल तर स्ट्रक्चर कुठे बसवणार, माडांची सावली किती, वाऱ्याला टिकेल का, हे सगळं बघायला सवडीनं कोणीतरी पाहिजे. ह्या वर्षी नको.

भरतीओहोटी

जनरेटरवाल्या भावाच्या बाजूनं दोन शब्द. आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० ला वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. सुपारीच्या बागा झोपल्या, पोल तर मोजायचेच नाहीत. त्या वेळी कुठलाही इन्व्हर्टर दुसऱ्या रात्री संपला, कारण भरायचा कशावर. आमच्या वाडीत एका घरी २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर होता, रोज दोन तास लावायचे, त्याच्यावर सगळ्यांचे मोबाइल, दोन इन्व्हर्टर चार्जिंगला आणि आळीपाळीनं पाण्याचा पंप. तर जनरेटर निरुपयोगी नाही. पण तो रोजच्या चार-सहा तासांसाठी नाही, आवाज, पेट्रोल, आणि ७४ वर्षांच्या माणसानं दोरी ओढून सुरू करायचा हे मला पटत नाही. दम्याच्या माणसाच्या घरी तर धूर पण बघायला हवा.

आणि घेतलाच कोणी तर हात जोडून सांगतो, घरात, पडवीत, बंद गोठ्यात लावू नका, पाऊस आहे म्हणून सुद्धा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. अंगणात लांब, खिडक्यांपासून दूर, वर नुसतं पत्र्याचं छप्पर. दुसरं, दोन्हीकडे पिना असलेली वायर करून प्लगमधून घरात वीज देतात काही लोक, ते कधीही नाही. चेंजओव्हर स्विच बसवा, त्यानं एका वेळी मेन नाहीतर जनरेटर असं एकच घराला जोडलं जातं. मेन चालू राहिला तर तुमची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधे जाते आणि पलीकडे हाय टेन्शन होऊन लाइनवर काम करणारा माणूस मरू शकतो. वादळानंतर बाहेरच्या जिल्ह्यातून आलेली ती मुलं भिजत पोलावर चढत होती, मी जवळून बघितलंय, म्हणून हे पोटतिडकीनं लिहितोय.

माझं मत, वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक जनरेटर ठेवावा वादळासाठी, आणि घरोघरी लहान इन्व्हर्टर.

पडवीतून

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मावशी, मडक्याचं लगेच केलंय, आईकडे परसात दोन मडकी होतीच. रहाट पण आहे, दोर बदलायला सांगितलाय.

तर व्होल्टेजचं झालं असं, शेजारी त्याच वेळी बघितलं तर २०६. म्हणजे आमच्याकडेच कमी. तक्रार नोंदवली, चौथ्या दिवशी वायरमन आले, पोलावरचा जोड दादांनी सांगितलं तसाच होता, पांढरा पडलेला आणि एका बाजूनं काळा. कापून नवीन केला. आता संध्याकाळी २०८, पंप लावला तर २०३. आई म्हणते ट्यूब एवढी पांढरी लागते हे विसरलेच होते. इतकी वर्षं आम्ही समजत होतो गावची लाइटच अशी.

आता घ्यायचं काय ते सांगा. नेब्युलायझरवर १५० वॅट लिहिलंय, तो झेपेल ना? आणि ट्यूब्युलर की लिथियम, दादा तुमचं मत काय शेवटी?

ताराजोडणी

बघा, ह्या जोडाआधी तुम्ही ४५ हजारांचं काही आणलं असतं तरी तीन-चार वर्षांत हीच गत झाली असती. बरं झालं.

नेब्युलायझरची काळजी करू नका, १५० वॅट दहा मिनिटं म्हणजे २५ वॅट-तास, एका पंख्याच्या पाऊण तासाइतकं. लोक वॅट बघून घाबरतात, किती वेळ चालतो ते बघत नाहीत. फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह घ्या, म्हणजे मेनच्या लाइटसारखीच वीज देणारा, तुमचा जुना स्क्वेअर वेव्ह असणार, त्याच्यावर पंखे गुणगुणतात आणि मोटरवाली यंत्रं तापतात. तरी बाबांच्या डॉक्टरांना विचारून बिनलाइटचा दम्याचा पंप (इनहेलर) आणि त्याला लावायची नळी, स्पेसर, घरात ठेवाच, यंत्र कुठलंही असो, कधी तरी दगा देतं.

मी स्वतः गिऱ्हाइकांना जास्त करून ट्यूब्युलरच देतो, स्वस्त पडते, कुठेही दुरुस्त होते, पाच-सहा वर्षं सहज जाते. पण तिला दर तीन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर लागतं, लाल फ्लोट खाली गेला की वाकून घालायचं, टर्मिनल पुसून व्हॅसलिन लावायचं. तुमच्या घरी ते करणारं कोणी नाही. तुम्ही दोन महिन्यांनी नक्की येणार असाल तर ट्यूब्युलर घ्या आणि पैसे वाचवा. नसाल तर गुहागरचे दादा म्हणतात ते बरोबर, लिथियम घ्या, मी उगीच हट्ट धरणार नाही. ट्यूब्युलर घेतलीत तर बॅटरीवरची तारीख बघून घ्या, दुकानात वर्षभर पडलेली नको, आणि वॉरंटी ३६+३६ म्हणजे ६ वर्षं फुकट बदलून मिळते असं नाही, पहिले ३६ महिने फुकट, नंतर वापराच्या हिशोबानं थोडी सूट.

वायरिंगचं सर्वात महत्त्वाचं. इन्व्हर्टरची लाइन वेगळी ओढून घ्या, फक्त बाबांची खोली, स्वयंपाकघरातला एक बल्ब, माजघर, बाथरूमचा दिवा आणि वायफायचा प्लग. रात्री उठून जायची वाट अंधारात राहता कामा नये, म्हाताऱ्या माणसांचं पडणं तिथेच होतं. ह्या लाइनला न्यूट्रल पण स्वतंत्र ठेवायला सांगा, आरसीसीबी (वीज गळली की लाइट तोडणारा स्विच) असेल आणि न्यूट्रल इकडेतिकडे जोडले तर तो सारखा ट्रिप होतो, मग लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात, ते करू नका. अर्थिंगचा खड्डा बघून घ्या. आणि आपल्याकडे मे-जूनच्या विजांसाठी मेन बोर्डात सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा, बसवा, नवीन यंत्र पहिल्याच गडगडाटात गेलं असं मी दर वर्षी बघतो. जवळच गडगडत असेल तर इन्व्हर्टरचा मेनचा प्लग काढून ठेवायला आई-बाबांना शिकवा, घर बॅटरीवर चालत राहील.

नारळीपोफळी

फ्रिजसाठी एक वेगळा स्विच काढून घ्या त्याच लाइनवर, स्टॅबिलायझरसकट. नेहमी बंद, लांब लाइट गेली तरच दिवसा तासभर चालू. ११०० व्हीएचा साइन वेव्ह १९० लिटरचा फ्रिज सुरू होतानाचा धक्का घेतो, माझा घेतो. त्या वेळी मिक्सर मात्र लावू नका.

पडवीतून

उशिरा लिहितेय पण कळवायचं होतं. लिथियम घेतला, १२.८ व्होल्ट १०० एएच, ११०० व्हीए, भिंतीवर माजघरात चार फुटांवर. दापोलीतच सर्व्हिसवाला आहे, आधी जाऊन भेटून आले. तीन बीएलडीसी पंखे, वेगळी लाइन, अर्थिंग नवीन, अरेस्टर, सगळं मिळून बजेटच्या ११ हजार वर गेलं, भावानं दिले अर्धे. जुन्या बॅटरीचे वजा झाले ते धरून. जनरेटरचं भरतीओहोटी दादांचं वाडीच्या बैठकीत बाबांनी मांडलंय, पाच घरं तयार आहेत, चेंजओव्हर स्विचसकटच घ्यायचा असं ठरलंय.

परवा रात्री ९ ला लाइट गेली, चांगलाच वारा होता. मी पुण्यात जागीच होते, दर तासाला फोन करायचं मनात येत होतं पण वायफाय चालू दिसत होतं म्हणून केला नाही. सकाळी साडेसहाला आली. बॅटरी ३१% शिल्लक होती, फक्त दोन पंखे लावले होते म्हणून. सात वाजता आईला फोन केला तर म्हणाली थांब हळू बोल, बाबा अजून उठले नाहीत.

वाशिष्ठीकाठ

झोपू दे त्यांना. आणि आता दोन-तीन दिवसांनी मडक्यातली वाळू परत ओली करायची असते, आईला आठवण कर.